गुढीच्या काठीवरचे आठ लाल पट्टे

मित्रांनो, गटारात बुडालेली वस्तू आपली हकिगत सांगायला बसली की लोक आधी नाकाला पदर लावतात. खुशाल लावा! मी एक जुनी काठी आहे, पण साधीसुधी नाही, गुढीची काठी आहे. वर्षातून एक दिवस माझ्या डोक्यावर तांब्याचा लोटा असतो, अंगावर जरीचं वस्त्र असतं, गळ्यात कडुलिंबाचा पाला आणि साखरेची गाठी असते, आणि भलीभली माणसं मला हात जोडतात. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ही काठी काय करते, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म बारवीकडच्या डोंगरउतारावरचा. आमचं बांबूचं बेट चांगलं दाट होतं. वाडीतला सुकऱ्या आम्हाला कोंब असल्यापासून ओळखायचा. पाडव्याच्या आधी आठ-दहा दिवस तो कोयता घेऊन यायचा, एकेकीला हलवून बघायचा, टिचकी मारून कान लावायचा. जिचा आवाज त्याला पटायचा नाही, तिला तो सोडून द्यायचा. मला टिचकी मारल्यावर तो "ही चालंल" एवढंच म्हणाला, आणि मी ताठ झाले ती आजपर्यंत ताठच आहे.

सुकऱ्याची एक खोड होती. बाकीचे लोक काठी तासून अगदी गुळगुळीत करतात. हा मात्र वरच्या पेराला बोटभर फांदी मुद्दाम ठेवायचा. "वस्त्र घसरत नाय मग," असं तो आपल्या बायकोला, नवसीला, सांगायचा. नवसी आमची मोळी डोक्यावर घेऊन बदलापूरच्या बाजारात बसली. मला त्या बोटभर फांदीची भारी लाज वाटत होती. शेजारच्या ढिगातल्या काठ्या कशा चकाचक, आणि आपल्याच डोक्यावर हे शेंडीसारखं काय! पण एका बाईने नेमकी ती फांदी चाचपून बघितली आणि मलाच उचललं. नवसी म्हणाली, "घे गं बाय, सुईवानी सरळ हाय. पोरगी दिल्यासारखी देते तुला."

त्या बाई म्हणजे कुमुदिनीकाकू. बदलापूर पूर्वेला कात्रपात मधुवंती नावाची तीन मजल्यांची सोसायटी आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर त्या राहतात. घरी बसून साड्यांना फॉल-पिको करतात. गळ्यात कायम मापाची टेप. बोलतात कमी, पण हाती घेतलेलं काम कधी अर्धं टाकत नाहीत. "अर्धा टाका सोडला की अख्खी साडी उसवते," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांचे यजमान प्रमोदकाका अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर, आणि सोसायटीच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष. कडक माणूस! मला गॅलरीत बांधताना ओळंबा लावून बघायचे. कुणाचा चुकून पाय लागला तर त्याला माझ्या पाया पडायला लावायचे. पाडवा संपला की मला पुसून, जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवायचे. अशी नऊ वर्षं मी सुखात काढली. इतका मान मिळाला की थोडं डोक्यात जातं हो, ते नाकारत नाही.

त्यानंतर प्रमोदकाकांनी सोसायटीच्या गेटासमोर ओटा बांधला. आमच्या गेटासमोरून पावसाचं पाणी नेणारं चार फूट खोल गटार जातं. गणपतीचा मंडप त्याच्यावरच पडायचा. दरवर्षी फळ्या टाका, बांबू रोवा, कुणाचा तरी पाय गटारात जायचाच. काका म्हणाले, बाप्पाला कायमची जागा करू. गणपती आठ दिवसांवर आले असताना काम काढलं. गटारावर काँक्रीट टाकलं, कडेला विटांचं बांधकाम केलं, वर टाइल्स बसवल्या, आणि बाप्पा यायच्या आदल्या दिवशी ओटा तयार! लोकांनी काकांना हार घातला. काका त्या दिवशी जेवलेसुद्धा उभ्यानेच, इतके आनंदात होते.

पुढच्याच जुलैत आमच्या गल्लीत पाणी भरलं.

मित्रांनो, तळमजल्यावर कुंदा राहते. नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरी ती आणि तिचे सासरे, हिंदुराव आबा. आबा मूळचे देशावरचे, शहाडच्या कारखान्यात फिटर होते. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, एक बाजू लुळी पडली आणि माणूस खाटेला खिळला. जीभ मात्र तशीच शाबूत, तिखट.

मी त्या सकाळी माळ्यावर होते, म्हणून ऐकलं तेवढंच सांगते. खालून कुंदाची किंकाळी आली, "ताई, पाणी खाटेला लागलं!" मग जिन्यात धावपळ. चौघांनी आबांना चादरीच्या झोळीत घालून वर आणलं आणि माझ्याच माळ्याखाली निजवलं. कमरेपर्यंत भिजलेले, दातावर दात आपटत होते, आणि तशातही म्हणाले, "सूनबाई, होडीचं तिकीट काढलंस न्हवं?" कुंदा हसता हसता रडायला लागली. आबांनी कुमुदिनीकाकूंचा हात धरला तो दोन तास सोडला नाही. पुढे पंधरा दिवस न्यूमोनियाने दवाखान्यात होते. डॉक्टरांनी कुंदाला स्पष्ट सांगितलं, पुन्हा असा गारठा छातीत भरला तर काही खरं नाही.

गल्लीत चर्चा एकच. कुणी म्हणे उल्हास नदी चढली, कुणी म्हणे वरच्या बाजूला नवीन बिल्डिंगी झाल्या. प्रमोदकाका म्हणाले, "गटार साफच करत नाहीत हो! आपण टॅक्स कशाला भरतो?" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या घरी गेले. कुमुदिनीकाकूंनी मात्र पुढच्या एप्रिलमध्ये मोबाइलवरून नगरपालिकेकडे तक्रार टाकली. पावसाळी गटार तुंबले आहे, तळमजल्यावर आजारी वृद्ध आहेत, पावसाआधी बघावे. सोबत फोटो.

चार दिवसांत माणसं आली. खोटं कशाला बोलू, त्यांनी मन लावून काम केलं. ओट्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा गाळ उपसला, गाडीत भरून नेला. तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. पण वळवाच्या दोन सरी पडल्या आणि ओट्याच्या वरच्या अंगाला पाणी पुन्हा तसंच उभं! काकूंनी पुन्हा तक्रार टाकली, पुन्हा फोटो. मग इंजिनियर बाईंचा फोन आला. त्यांचं नाव सोनिया. आवाज तरुण, पण तुसडा नव्हता.

"काकू, तुमचा फोटो बघितला. पण फोटोत सगळं पाणी काळंच दिसतं. ते वीतभर आहे की चार फूट, मला कसं कळणार? माझ्याकडे अशा साठ तक्रारी आहेत. सगळ्यांत वाईट कुठली, ते कशावरून ठरवू?"

"म्हणजे माप पाहिजे," काकू म्हणाल्या.

"हो, माप मिळालं तर फार बरं."

माप! ते काकूंना सांगायचं? त्यांनी घरभर नजर फिरवली. टेप गटारात उभी राहत नाही. झाडूचा दांडा आखूड. मग त्यांची नजर वर माळ्याकडे गेली. बाई, नको. अहो, नको ना! मी पाडव्याची मानकरीण!

काकांची ड्यूटी होती. काकूंनी मला खाली घेतलं, धोतर सोडलं, आधी माझ्या पाया पडल्या. मग गॅलरीत आडवी ठेवून टेप लावली आणि खालच्या टोकापासून दर अर्ध्या फुटावर एक, असे आठ पट्टे माझ्या अंगावर ओढले. रंग कशाचा, तर भाचीच्या लग्नात घेतलेल्या लाल नेलपॉलिशचा! बाटली पूर्ण संपली. आठवा पट्टा जरा फिकटच आला, तो अजून तसाच आहे.

आणि मग मित्रांनो, मला गटारात उभं केलं.

काय सांगू! जिला कडुलिंबाचा वास माहीत, तिने तो वास कसा सोसायचा? वरून पानटपरीवाला बघतोय, दोन बायका थांबून बघतायत. मला वाटलं आत्ताच्या आत्ता दुभंगून जावं. ओट्याच्या वरच्या अंगाला पाच पट्टे बुडाले. खालच्या अंगाला जेमतेम एक. काकूंनी दोन्हीकडचे फोटो काढले, पट्टे स्पष्ट दिसतील असे, आणि खाली लिहिलं, "वर अडीच फूट, खाली अर्धा फूट. मध्ये ओटा आहे." पाठवलं. मग मला नळाखाली तीनदा धुतलं, हळद लावली. पण परत माळ्यावर ठेवायला त्यांचा हात धजेना. त्यांनी मला जिन्याखाली उभं केलं, कुंदाच्या दारासमोर, खराट्याच्या शेजारी. खराट्याच्या शेजारी, मित्रांनो! त्या दिवशी मी खूप रडले. बांबूला डोळे नसतात म्हणून कुणाला दिसलं नाही.

रविवारी सोनिया मॅडम स्वतः आल्या, सोबत नालेसफाईची पाच माणसं. मॅडमनी गटाराकडे न बघता आधी मला मागितलं. "ही ती पट्ट्यांची काठी? काकू, तुमचा फोटो मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. तक्रार अशी करावी." माझी मान, म्हणजे माझी ती बोटभर फांदी, जराशी वर झाली.

मॅडमनी मला एका कामगाराच्या हातात दिलं. त्याने मला धरलं आणि तो थबकला. अंगठ्याने त्याने वरच्या पेराची फांदी चाचपली आणि टिचकी मारली. ती टिचकी मी जन्मात विसरणार नाही. सुकऱ्या! केस पांढरे झाले होते, पण बोटं तीच. उन्हाळ्यात वाडीत काम नसतं, म्हणून पाऊस लागेपर्यंत तो या कामावर येतो.

"काकू, ही तं माझी काठी," तो म्हणाला. "ही फांदी फकस्त मीच ठेवतो. गुढीची ना ओ ही?"

"गुढीचीच," काकूंनी खाली बघत म्हटलं. "गटारात घातली म्हणून तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"काठी कामाला लागली तं वाईट कशाला वाटंल? बांबूला पाण्यानं काय व्हत नाय, काकू. माळ्यावर पडून रायला का वाळवी धरते त्याला."

मग तो गटाराच्या कडेला पालथा पडला आणि मला आडवी धरून ओट्याच्या खाली सरकवलं. काळोखात मी हातभर गेले आणि माझं टोक कशाला तरी लागलं. मऊ होतं, पण हलेना. सुकऱ्याने मला मागे घेतलं, पुन्हा ढोसलं. मग डावीकडे, मग उजवीकडे, डोळे मिटून, जसा बेटात कान लावायचा तसा.

"मॅडम, गाळ नाय हा. गाळ काठी आत घेतो. हे मागं ढकलतंय. गोण्या हायेत. भरलेल्या. मातीच्या नायतर डेब्रिजच्या."

"गोण्या? ओट्याखाली गोण्या कुठून आल्या?" मॅडमनी विचारलं.

नेमके तेव्हा प्रमोदकाका जिन्यातून खाली आले. पहिल्यांदा त्यांनी मला बघितलं. "कुमुद! गुढीची काठी गटारात? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मग त्यांच्या कानावर 'गोण्या' हा शब्द पडला. त्यांचा चेहरा मी बघितला. त्यांना आठवलं होतं. ओल्या काँक्रीटला खालून टेकू म्हणून गवंड्याने गटारात डेब्रिजच्या, म्हणजे तोडकामाच्या तुकड्यांनी भरलेल्या, गोण्या रचल्या होत्या. स्लॅब सुकला की काढू, असं ठरलं होतं. स्लॅब सुकला तेव्हा वर बाप्पा बसलेले. मग आरत्या, मग विसर्जन, मग सगळे दमलेले. गवंडी गावाला गेला आणि गोण्या राहिल्या त्या राहिल्याच. वरून टाइल्स चकचकीत, आतून गटाराचा गळा आवळलेला!

सोनिया मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, मी कारण म्हणून बेकायदा ओटा असं लिहिलं तर कागद वर जाईल, नोटीस निघेल, तारखा पडतील. पाऊस तारखांसाठी थांबत नाही. तुम्ही स्वतःहून ओटा फोडायला तयार झालात तर माझी माणसं उद्याच गोण्या काढतील. संध्याकाळपर्यंत तक्रारीत तसं लिहून कळवा."

"फोडायला?" काका उसळले. "बाप्पाच्या ओट्याला पहार लावणारा अजून जन्माला यायचाय!"

लोक जमले होते. काकू भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तक्रार माझ्या नावावर आहे, मॅडम. काय लिहायचं ते मी लिहिते." आणि मला परत जिन्याखाली ठेवून वर गेल्या.

काकांना कुणीतरी आपल्या बाजूचं हवं होतं. ते तडक कुंदाच्या दारात गेले. दार उघडं होतं, मी समोरच उभी, म्हणून मला सगळं दिसलं.

"आबा, तुम्ही वडीलधारे. तुम्हीच सांगा, देवाचा ओटा फोडायचा का?"

आबांनी चांगल्या हाताने खाटेची कड थोपटली. काकांची नजर खाटेखाली गेली. खाटेच्या चारही पायांखाली तीन-तीन विटा लावलेल्या होत्या.

"हे काय, वहिनी?"

कुंदा म्हणाली, "तुम्हीच नाही का दिल्यात, भाऊ? ओट्यातल्या उरलेल्या. लागतील तेवढ्या न्या म्हणालात. यंदा पाणी आलंच, तर कुणी वर उचलून नेईपर्यंत आबा तेवढे तरी कोरडे राहतील."

काका त्या विटांकडे बघत राहिले. ओट्याच्याच विटा! ज्या ओट्याने पाणी घरात आणलं, त्याच्याच उरलेल्या विटांवर कुंदाने म्हाताऱ्याचा जीव नऊ इंच वर उचलून ठेवला होता. आणि तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, उलट आभार होते. तेच काकांना जास्त लागलं असणार.

मग आबा बोलले. "प्रमोदराव, काखेत कळसा आन् गावाला वळसा म्हनत्यात ते ह्येच. म्या फोडा म्हनत न्हाई. देवाचं काम हाय तुमचं. पर बाप्पाला पाण्यात सोडताना तुमी धा दिस आरत्या तरी करता. मला तेवढीबी सवड मिळायची न्हाई."

काका बाहेर आले आणि माझ्या शेजारच्या पायरीवर बसले. हाताने त्यांनी मला सरळ केलं, सवयीने, ओळंबा बघितल्यासारखं. बऱ्याच वेळाने काकू खाली आल्या.

"लिही," काका म्हणाले. "खरं ते लिही. उद्या पहिली पहार मीच घालतो."

"मी लिहिलंसुद्धा," काकूंनी मोबाइल पुढे केला.

काकांनी चष्मा लावून वाचलं. "'गटारात आम्हीच गोण्या ठेवल्या होत्या. वरचा ओटा आम्ही स्वतः काढत आहोत.'... आम्ही लिहिलंस?"

"मग काय तुम्ही लिहू? मंडपात आरतीचं ताट काय एकट्या तुमच्या हातात होतं? अर्धा टाका सोडला तो आपण सगळ्यांनीच."

काकांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. माझ्यासमोर पुसले, म्हणून तुम्हाला सांगते. बाहेर कुणाला बोलू नका.

सोमवारी सकाळी काकांनी ओट्यावर नारळ फोडला, बाप्पाची माफी मागितली आणि खरंच पहिली पहार घातली. त्यांना कारखान्यात पेट्या मोजायची सवय, पहारीची नव्हे. तिसऱ्या घावाला सुकऱ्याने ती हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली. दुपारपर्यंत तेवीस गोण्या बाहेर आल्या. शेवटची निघाली तेव्हा वरच्या अंगाचं पाणी असं काही गर्जत खाली गेलं, की पानटपरीवाला टाळ्या वाजवायला लागला. कुंदा गेटाशी उभी होती. ती लगेच सुकऱ्याच्या माणसांसाठी चहा ठेवायला पळाली.

सगळ्यांचं भलं झालं, माझं मात्र नाही. त्याच दिवशी काका काकूंना म्हणाले, "पुढच्या पाडव्याला नवी काठी आणू. ही आता बाटली." मी जिन्याखाली खराट्याच्या शेजारी उभी होते. वाटलं, संपलं! आता कपडे वाळत घालायला नाहीतर जळमटं काढायला.

पण खरी परीक्षा बाकी होती, माझी आणि गटाराचीही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सलग दोन दिवस पाऊस कोसळला. शिरगावच्या बाजूला रस्ते बुडाले, नदी चढल्याच्या बातम्या आल्या, शाळा सोडून दिल्या. दुपारी बारा वाजता कुमुदिनीकाकू छत्री घेऊन आल्या आणि मला गटारात उभी करून गेटाच्या गजाला बांधलं. आठवा पट्टा म्हणजे गटाराचा काठ. त्याच्यावर गेलं की पाणी गल्लीत, आणि गल्लीत आलं की कुंदाच्या उंबऱ्यात. आबांना वर नेण्यासाठी काकांनी चादर आणि तीन माणसं तयार ठेवली होती. पण एवढ्या गारठ्यात नुसतं हलवणंही आबांना बाधलं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

खाटेवरून दर पाच मिनिटांनी आवाज यायचा, "कितवा?"

"चौथा, आबा!"

"कितवा?"

"सहावा बुडाला!"

मित्रांनो, या वेळी मला वास आला नाही. लाज आठवली नाही. एवढंच कळत होतं, की आत एक म्हातारा माझ्यावर जीव टांगून पडला आहे. पाण्याचा लोंढा मला लोटत होता, प्लॅस्टिक, पाला, एक चप्पल अंगावर आपटून जात होती. मी म्हटलं, सुकऱ्याने निवडली आहे मला, वाकायचं नाही!

सातवा पट्टा अर्धा बुडाला. काकूंनी पदर तोंडात धरला. प्रमोदकाका माझ्याजवळ पावसात बसले होते, नजर त्या पट्ट्यावर. पाणी तिथेच राहिलं. राहिलं. आधी ते वर यायचं, आता ते वाहत होतं, धावत पुढे जात होतं. पंधरा मिनिटं गेली आणि सातवा पट्टा हळूहळू पूर्ण उघडा झाला.

"कितवा?" आतून आवाज.

कुंदा ओरडली, "आबा, उतरलं! सातवा मोकळा झाला!"

"मग ती चादर घडी करून ठिवा आन् मला चा द्या," आबा म्हणाले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुंदा दाराच्या चौकटीला टेकून ढसाढसा रडली. ते रडणं मागच्या वर्षीसारखं नव्हतं. काकूंनी मला गटारातून काढलं आणि पावसातच, सगळ्यांदेखत, पोटाशी धरलं. चिखलासकट!

पाऊस सरला, दिवाळी झाली, गुढीपाडवा आला. आदल्या दिवशी काका बाजारात जाऊन नवी काठी घेऊन आले. गुळगुळीत, पिवळीधमक, फांदी नाही की काही नाही. मी जिन्याखालून बघितली आणि मान खाली घातली. काका पायरीवर थांबले. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी नवी काठी माझ्या जागी, खराट्याच्या शेजारी, उभी केली, आणि मला उचलून नळाखाली नेलं.

"अहो, ती बाटली ना?" काकू वरून म्हणाल्या. हसत होत्या.

"डोकं खाऊ नकोस," काका म्हणाले. "ते रॉकेल की काय लावून हे लाल पट्टे निघतील का?"

"निघतील. काढायचेत का?"

काकांनी अंगठ्याने फिकट आठवा पट्टा पुसून बघितला. "नको. राहू देत."

यंदा माझी गुढी दुसऱ्या मजल्यावर नाही उभारली. ती कुंदाच्या दारात उभारली, आबांना खाटेवरून दिसेल अशी. खाट आता जमिनीवर टेकली होती. तिच्या पायांखालच्या बारा विटा काकांनी आपल्या हाताने काढल्या आणि माझ्या बुडाशी गोल रचून मला घट्ट उभं केलं. जरीचं वस्त्र सुकऱ्याच्या फांदीत अडकवलं, गाठी घातली, लोटा पालथा घातला. आबांनी पडल्या पडल्या चांगला हात कपाळाला लावला. "झ्याक," म्हणाले. वस्त्राच्या खालून माझे लाल पट्टे दिसत होते. कुणी झाकले नाहीत.

मित्रांनो, मला आता माळ्यावर ठेवत नाहीत. एरवी मी देवघराच्या कोपऱ्यात असते, पाऊस जवळ आला की गेटाशी. तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, मानाची म्हणून गुंडाळून ठेवलेली. तिला मान द्याच, पण कामालाही लावा, म्हणजे वाळवी लागणार नाही. आणि तुमच्या गल्लीत पाणी साचलं तर तक्रार जरूर करा, मापासकट करा. फक्त ती पाठवण्याआधी एक लांब काठी घेऊन स्वतःच्या ओट्याखाली एकदा ढोसून बघा.